शकुनाला उत्तर देता येतं: कल्मिक घरातले नियम आणि राखणीचे विधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मुलाचं लग्न एलिस्ताच्या, म्हणजे रशियातल्या कल्मिकिया प्रजासत्ताकाच्या राजधानीतल्या, कल्मिक मुलीशी ठरलंय. येत्या त्सागान सारला, म्हणजे त्यांच्या वसंताच्या सणाला, तुम्ही दोघं व्याह्यांकडे जाणार आहात. मुलीच्या आजीने आत्तापासूनच निरोप पाठवायला सुरुवात केलीय: उंबऱ्यावर उभं राहू नका, हात पाठीमागे बांधू नका, गुडघ्यांना मिठी मारून बसू नका. आणि मागे तुमचा मुलगा तिथे आजारी पडून उठला, तेव्हा कुणा बाईंनी त्याच्या गळ्याभोवती काळा-पांढरा दोरा गुंडाळला आणि कात्रीने त्याचे तुकडे केले. ते तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलंत आणि घाबरलात. हा जादूटोणा आहे का, बौद्ध लोक असं कसं करतात आणि आपण तिथे नेमकं कसं वागायचं, हे तुम्ही विचारलंय.

दोऱ्याचं आधी सांगते, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय. त्या विधीला ‘खार केल उत्लख’ म्हणतात, शब्दशः ‘काळी जीभ कापणं’. आपल्याकडे आजारातून उठलेल्या लेकराची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, तीच त्यामागची माया. उपऱ्या माणसासाठी एवढं कुणी करत बसत नाही. त्या घराने तुमच्या मुलाला आपल्यात धरलंय, एवढं आत्ता मनाशी पक्कं करा. तपशील पुढे येईलच.

मी रशियन शिकवते, आणि गेली वीस-बावीस वर्षं ओइरात-मंगोल लोकसाहित्य हा माझा अभ्यासाचा विषय आहे. एलिस्तात आणि आसपासच्या खेड्यांत राहून आज्यांकडून गोष्टी, आशीर्वचनं, रीतीभाती टिपून घेतल्या. पहिली काही वर्षं मी चुकीच्या पद्धतीने काम करत होते. वहीत दोन रकाने आखले होते, शुभ आणि अशुभ. पानंच्या पानं भरली. एकदा ज्यांच्याकडे उतरले होते त्या आजींनी ती वही मला वाचून दाखवायला लावली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, की कुत्रं रडलं हे लिहिलंस, पण त्यावर आम्ही काय म्हणालो ते कुठे आहे? तोवर माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. कल्मिक माणसाच्या लेखी शकुन म्हणजे कुणीतरी बोलायला केलेली सुरुवात. त्याला उत्तर द्यायचं असतं. ते शब्दाने देता येतं, चहाच्या चार थेंबांनी देता येतं, दोरा कापून देता येतं. उत्तर दिलं नाही, तर मात्र शकुन खरा ठरण्याची भीती. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

हे लोक मूळचे पश्चिम मंगोलियाकडचे, ओइरात. सतराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्यांच्या टोळ्या कळप घेऊन पश्चिमेकडे सरकत सरकत रशियातल्या व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात पोचल्या. १७७१ मध्ये उबाशी खानाबरोबर त्यांतला मोठा भाग परत पूर्वेला निघून गेला. नदी गोठली नाही म्हणून जे पश्चिम काठावर अडकले त्यांचे वंशज म्हणजे आजचे कल्मिक, असं तिथे कुणीही सांगतं. युरोपच्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध असलेला हाच एक समाज. गवताळ माळ, वारा, मेंढ्या, उंट, घोडे आणि आज इथे तर उद्या तिथे उभारायचा नमद्याचा तंबू, असं त्यांचं आयुष्य होतं. त्यांचे बहुतेक नियम त्या तंबूत जन्मले आहेत. आता घर सिमेंटचं झालं, तरी नियम तंबूचेच राहिले.

या नियमांच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘किश्ग’. त्याचं मराठीत भाषांतर करताना मी बरेच शब्द घासून पाहिले. बरकत हा सगळ्यात जवळचा. घराचा, माणसाचा, कळपाचा जो भाग्याचा वाटा असतो तो किश्ग. तो वाढतो, टिकतो आणि निष्काळजीपणाने गळूनही जातो. आजीच्या निरोपांतले निम्मे नियम ही गळती थांबवण्यासाठी आहेत. उंबरा ही घराची कड, म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही, त्यावर बसायचं नाही आणि आतल्या-बाहेरच्यांनी उंबरा मध्ये ठेवून हात मिळवायचे नाहीत. सूर्य मावळल्यावर दूध, दही असलं ‘पांढरं अन्न’ घराबाहेर देत नाहीत. हे वाचून तुम्हाला तुमच्या सासूबाई आठवतील. तिन्हीसांजेला दूध-मीठ-सुई देऊ नये हे आपणही ऐकत आलोय. कुणी भांड्यातून काही पाठवलं तर ते भांडं रिकामं परत करायचं नाही, हेही तसंच. जनावर विकताना त्याच्या अंगावरच्या केसांचा पुंजका काढून ठेवतात: जनावर गेलं तरी त्याचं भाग्य दावणीला राहावं म्हणून.

टोपी आणि पट्टा यांचा मान वेगळा. टोपी जमिनीवर टाकायची नाही, ओलांडायची नाही, आपली वापरती टोपी दुसऱ्याला देऊन टाकायची नाही, कारण माणसाचा किश्ग डोक्याशी असतो. कल्मिक स्वतःला ‘उलान झालाता’, लाल गोंडेवाले, म्हणवतात. टोपीच्या शेंड्यावरचा तो लाल गोंडा नुसती शोभा म्हणून लावत नाहीत. तुमचे यजमान तिथे जाऊन कानटोपी काढतील तेव्हा ती खुंटीला किंवा उंच जागी ठेवायला सांगा.

हात मागे बांधणं, हनुवटीला हात लावून बसणं, गुडघ्यांना मिठी मारणं या तिन्ही मुद्रा पोरक्या, शोकात बुडालेल्या माणसाच्या समजल्या जातात. सुखात असताना अंगाला ते वळण लावलं तर तसा प्रसंग ओढवतो, ही समजूत. ‘डोक्याला हात लावून बसू नकोस’ म्हणून आपल्याही आजीने आपल्याला कितीदा हटकलंय.

आता अग्नी. चुलीतल्या विस्तवात कचरा टाकत नाहीत, थुंकत नाहीत, पाणी ओतत नाहीत आणि सुरी किंवा टोकदार वस्तू खुपसत नाहीत, कारण अग्नीला जखम होते. त्याला द्यायची ती चरबी. शरदात होणाऱ्या ‘गाल त्याल्गन’ या विधीत मेंढी कापून तिची छातीची बरगडी आणि चरबी अग्नीला अर्पण करतात. ज्वाळा उंच गेल्या की घरातले सगळे हातातलं मांसाचं भांडं सूर्याच्या फेऱ्याच्या दिशेने फिरवत ‘खुर्या, खुर्या’ अशी साद घालतात. ती साद किश्गला असते: ये, जमा हो. मी पहिल्यांदा हे एका शेतघरापाशी पाहिलं. वारा एवढा होता की अर्धी ज्वाळा आडवी पडत होती, आणि घरातला सगळ्यात धाकटा, सहा-सात वर्षांचा मुलगा भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता. त्याचे काका त्याला फक्त एवढंच सांगत होते: उलटं फिरवू नकोस. सूर्य फिरतो तसं फिरणं, ‘नार झ्योव’, हा त्या जगातला पहिला धडा. चहा ढवळणं, पेला पुढे देणं, देवळाला प्रदक्षिणा, सगळं त्याच दिशेने.

लग्नातही अग्नी आहे. नवरी सासरच्या चुलीत चरबीचे तुकडे घालते आणि त्या घराच्या अग्नीशी तिची ओळख होते. मेंढीच्या मागच्या पायाचं नळीचं हाड हातात धरून नवरा-नवरी पिवळ्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. तुमच्या मुलाच्या हातात ते हाड दिलं गेलं, तर गोंधळून जाऊ नका. हाड म्हणजे कुळ, आणि ते दोघांनी एकत्र धरायचं असतं. जुन्या रीतीत सून सासऱ्याचं आणि दिरांचं नाव घेत नसे, इतकंच काय त्या नावाशी जुळणारा साधा शब्दही बदलून बोलत असे. आजच्या मुली हे पाळतात असं नाही, पण होणारी सून तुमच्या यजमानांचं नाव घ्यायला अडखळली तर त्यामागे हे असू शकतं.

शब्दाकडे येते, कारण कल्मिक श्रद्धेत सगळ्यात जड वस्तू शब्द आहे. चांगल्या शब्दाला ‘योर्याल’ म्हणतात, वाईटाला ‘खाराल’. योर्याल म्हणजे यमकात, लयीत म्हटलेलं शुभचिंतन. नवा कपडा घातला की योर्याल, मूल जन्मलं की योर्याल, प्रवासाला निघालं की ‘रस्ता पांढरा होवो’. सकाळचा चहाही योर्यालशिवाय होत नाही. घरातलं वडील माणूस बोलतं, बाकीचे शेवटी ‘तसंच होवो’ म्हणतात. आपल्याकडे ‘वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, अभद्र बोलू नये’ असं जे म्हणतात, ती भावना तिथे रोजच्या जेवणाला चिकटलेली आहे. स्वप्न वाईट पडलं, काच फुटली, कुत्रं रडलं की आधी योर्याल म्हणायचं. वहीत राहून गेलेलं उत्तर ते हेच.

खाराल, म्हणजे शाप, ही तितकीच खरी गोष्ट. भांडणात उच्चारलेला, मत्सरातून निघालेला शब्द माणसाला चिकटतो: तो ‘खार केल’, काळी जीभ. कामं अडतात, अंगात कसकस राहते, घरात कुरबुरी वाढतात. अती कौतुकाचीही एक ‘पांढरी जीभ’ असते आणि तीही बाधते. म्हणून दोऱ्याला दोन्ही रंग.

विधी कसा होतो ते जवळून सांगते, कारण मी स्वतः त्या स्टुलावर बसलेली आहे. दुपारची वेळ, पाचव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, कपाटावर बुद्धाच्या चित्रापुढे तुपाचा छोटा दिवा. करणाऱ्या बाई साठीच्या. त्यांनी काळी लोकर आणि पांढरी लोकर मांडीवर तळव्याने वळून एक दोर केला, आपण वाती वळतो तसा. तो माझ्या गळ्यात सैल घातला, टोकं समोर घेतली, आणि मग एका दमात म्हणायला सुरुवात केली. ओळीगणिक एका काळ्या जिभेचं नाव घ्यायचं, ती कापली म्हणायचं आणि कात्री चालवायची. ओळ, कचकन आवाज, तुकडा ताटलीत. ओळ, आवाज, तुकडा. दोर आखूड होत होत गळ्याजवळ आला, तेव्हा थंड पातं एकदा मानेला निसटतं लागलं. शेवटी त्यांनी सगळे तुकडे मोजून कागदात बांधले, खाली अंगणात नेऊन पत्र्याच्या डब्यात जाळले आणि वर येऊन हात धुतले. मग चहा. पैशांचं नाव काढलं नाही. मी नेलेलं लोणी आणि बिस्किटं मात्र देवापुढे ठेवून घेतली. मला त्यावेळी वडील जाऊन दोन महिने झाले होते आणि झोप लागत नव्हती. त्या रात्री लागली. याचं कारण काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण एका अनोळखी बाईने माझ्यासाठी अर्धी दुपार लोकर वळली, याची ऊब अजून माझ्याजवळ आहे.

असे विधी करणाऱ्यांना ‘मेद्ल्ग्च’, जाणते, म्हणतात. बऱ्याच जणी स्त्रिया असतात, उपास पाळतात, रोज जप करतात. अर्थात जिथे श्रद्धा तिथे तिचा बाजारही उभा राहतोच. जो जाणता आधी भीती घालतो, मोठी रक्कम मागतो किंवा डॉक्टरांचं औषध बंद करायला सांगतो, त्याच्यापासून दूर राहा, हे तिथल्या शहाण्या आज्याही सांगतात. तुमच्या मुलाचं औषध चालू होतं आणि दोरा नंतर कापला, एवढं तुम्हीच लिहिलंय. मग काळजी कसली?

लहान मुलांची राखण हा आपल्याला सगळ्यात जवळचा वाटेल असा भाग. तान्ह्याला रात्री बाहेर न्यायचं तर कपाळाला किंवा नाकाला काजळीचा ठिपका लावतात, आपली तीट. पाळण्याला लांडग्याच्या घोट्याचं हाड बांधतात. मूल गोड आहे म्हणून तोंडभर स्तुती करत नाहीत. आणि नावं! ज्या घरात मुलं जगत नव्हती तिथे पुढच्या मुलाला ‘मू क्योव्युन’, म्हणजे वाईट पोर, किंवा ‘नोखा’, म्हणजे कुत्रा, असं नाव ठेवत, म्हणजे घेऊन जाणाऱ्या शक्तीला ते न्यावंसं वाटू नये. मुकेबेनोव, नोखाएव ही आजची आडनावं त्याच नावांवरून आलेली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या आजींना आपले दगडू, धोंडू, केरू, भिकू सांगितले, अर्थासकट. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुमच्याकडेही मुलं फार जायची तर.

धर्माचा प्रश्न तुम्ही विचारलात. कल्मिक बौद्ध गेलुग परंपरेचे, म्हणजे दलाई लामांच्या परंपरेचे आहेत. मंदिराला ते ‘खुरुल’ म्हणतात, भिक्षूला ‘गेल्युंग’. जुन्या श्रद्धा आणि बौद्ध धर्म यांची तिथे अशी वीण बसलीय की धागे सुटे करायला गेलं तर कापड फाटेल. गळ्यात घालतात तो ‘बू’, म्हणजे कापडात किंवा चामड्यात शिवलेला ताईत, आणि त्याच्या आत गेल्युंगने दिलेला मंत्राचा कागद. घरात राखणीला ठेवायचा ग्रंथ म्हणजे ‘दोर्ज जोद्व’. नाव परकं वाटेल, पण तो आपला वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता, मूळ संस्कृतातला बौद्ध ग्रंथ. सतराव्या शतकात झाया पंडित या ओइरात भिक्षूने तो ओइरातीत आणला. त्यानेच १६४८ मध्ये ओइरातांसाठी ‘स्पष्ट लिपी’ तयार केली. ज्या घरात हा ग्रंथ वाचला जातो तिथे अकाली मरण फिरकत नाही, अशा अर्थाच्या कितीतरी गोष्टी कल्मिकांत सांगतात. शून्यतेवरचा एवढा गहन ग्रंथ उशाशी ठेवून मूल झोपवायचं, यात मला कधीच विसंगती वाटली नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरीची पोथी लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवणारी आणि एक अक्षरही वाचता न येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची भक्ती कमी नव्हती.

शब्दांच्या वाटेने गेलात तर भारत जागोजागी भेटेल. पवित्र पाण्याला ‘आर्शान’ म्हणतात, तो मुळात संस्कृत रसायन. मुलींचं-मुलांचं नाव ‘बाद्मा’ म्हणजे पद्म, आणि कमळ त्यांच्या झेंड्यावरही आहे. ग्रहणाची गोष्ट तर ओळखीचीच निघते: ‘अराखा’ नावाच्या राक्षसाने आर्शान चोरून प्यायलं, सूर्य-चंद्राने चुगली केली, वज्रपाणी या बौद्ध देवतेने त्याचे दोन तुकडे केले, म्हणून तो सूर्य-चंद्राला गिळतो, पण पोटच नसल्याने ते बाहेर पडतात. अराखा म्हणजे राहू, फक्त विष्णूच्या जागी वज्रपाणी. ग्रहण लागलं की पूर्वी ते आरडाओरडा करून अराखाला घाबरवत; आपल्या गल्ल्यांतून ‘दे दान, सुटे गिराण’ घुमायचं. आकाशगंगेला ते ‘तेंगरीन उइद्ल’ म्हणतात, आकाशाची शिवण. माळावर उघड्यावर झोपलात तर ती शिवण खरोखर टाक्यांसकट दिसते.

आणखी एक दुवा तुमच्या अगदी जवळचा. हुबळीपासून थोड्या अंतरावर मुंडगोडला तिबेटी वसाहत आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्या अनेकांनी ती पाहिलेली असते. तिथल्या द्रेपुंग गोमांग मठात कल्मिक भिक्षू शिकतात. तिबेटमधल्या मूळ गोमांगमध्येही मंगोल, बुर्यात, कल्मिक भिक्षू जातच असत, तीच परंपरा पुढे चालू राहिली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कल्मिक कुटुंबात जन्मलेले तेलो तुल्कू रिनपोछे लहानपणी इथेच वाढले आणि १९९२ पासून तीन दशकं कल्मिकियाचे प्रमुख लामा होते. व्याह्यांकडे बोलायला विषय हवा असेल तर मुंडगोडचं नाव काढा.

बौद्ध देवतांच्या पंक्तीत एक म्हातारा बाबा मात्र मातीतून उगवलेला आहे. ‘त्सागान आव’, पांढरा म्हातारा: पांढरी दाढी, हातात काठी, जमीन-पाणी-प्राणी यांचा धनी, वर्षाचा मालक. माळावर साइगा नावाची लोंबत्या नाकाची हरणं असतात. त्यांचा कळप दाटीने स्तब्ध उभा दिसला तर पांढरा म्हातारा त्यांची धार काढतोय असं समजतात, आणि तेव्हा गोळी चालवायची नाही. शिकार करून पोट भरणाऱ्या माणसांनी स्वतःवर घालून घेतलेलं हे बंधन मला फार मोलाचं वाटतं. साइगांची संख्या शिकारीने कशी ढासळली ते पाहिल्यावर तर जास्तच.

त्या म्हाताऱ्याचं ठाणं बोग्दो डोंगरावर मानतात. हा डोंगर आता आस्त्राखान प्रांतात आहे, बास्कुंचाक या मिठाच्या सरोवराकाठी. उंची जेमतेम दीडशे मीटर, पण सपाट माळावर तेवढाही पर्वतासारखा दिसतो. साधूंनी तो दुरून खांद्यावर वाहून आणला, व्होल्गा जवळ आली तेव्हा एकाच्या मनात पापी विचार आला, डोंगर कोसळला, त्याखाली ते चिरडले आणि रक्ताने एक बाजू लाल झाली, अशी कथा आहे. डोंगराची ती बाजू खरंच तांबडी आहे. खार-बुलुक गावाजवळ माळावर एकटाच उभा असलेला एक पॉप्लरचा वृक्ष आहे, पुर्दाश बाग्शी या भिक्षूने लावलेला. लोक त्याला प्रदक्षिणा घालतात आणि जवळच्या झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरून घरी नेतात. वेळ मिळाला तर तिथे नक्की जा. पण झऱ्यात हात-पाय धुऊ नका. पाणी काढून घ्या आणि बाजूला होऊन धुवा.

पूर्वी मेंढीच्या खांद्याचं चपटं हाड विस्तवात भाजून त्यावरच्या भेगांवरून भविष्य वाचत. अठराव्या शतकात पल्लास या प्रवाशाने हे कल्मिकांत पाहून नोंदवलंय. आता ते वाचणारा मला तरी भेटला नाही.

इंटरनेटवर ‘कल्मिक शकुन’ म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांवर फार विसंबू नका. रिकामी बादली आडवी येणं, मीठ सांडणं, काळं मांजर हे बरंचसं रशियन शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेलं आहे. चारशे वर्षांच्या शेजारात देवाणघेवाण होणारच. पण अग्नी, चहा, योर्याल, किश्ग हे त्यांचं स्वतःचं.

आजी एवढी काटेकोर का, हेही समजून घ्या. १९४० च्या सुमारास तिथलं एकही खुरुल चालू राहिलं नव्हतं. २८ डिसेंबर १९४३ ला पहाटे सैनिक दारात आले आणि सगळ्या समाजाला, शत्रूला सामील असल्याचा ठपका ठेवून, गुरांच्या डब्यांतून सैबेरियाला नेलं. नव्वद हजारांहून जास्त माणसं. थंडीने, भुकेने असंख्य गेली. लहान मुलं आणि म्हातारी आधी गेली. परतायची मुभा १९५७ मध्ये मिळाली. त्या तेरा वर्षांत ना गेल्युंग, ना मंदिर, शाळेत मुलांच्या कानावर आपली भाषाही नाही. देवाची चित्रं, जपमाळ, पोथीची सुटी पानं बायकांनी गाठोड्यात लपवून नेली आणि लपवूनच परत आणली. परतल्यावरही पुढची तीस वर्षं खुरुल नव्हतं. म्हाताऱ्या बायका कुणाच्या तरी घरी पडदे ओढून जमत आणि उपासाच्या दिवशी जप करत. एलिस्तातलं आजचं भव्य मंदिर २००५ च्या डिसेंबरात उघडलं. खुरुलं बंद होती ती जवळजवळ पन्नास वर्षं धर्म होता तो स्वयंपाकघरात: चहाच्या पहिल्या पळीत, उंबऱ्याच्या नियमात, काजळीच्या ठिपक्यात. तुमच्या सुनेची आजी त्या डब्यांतून गेलेल्या किंवा तिकडे जन्मलेल्या पिढीतली असणार. ती तुम्हाला ‘उंबऱ्यावर उभ्या राहू नका’ म्हणते तेव्हा तिच्याजवळ शिल्लक राहिलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू ती तुमच्या हातात देते.

आता प्रत्यक्ष भेटीचं. उजवा पाय आधी आत टाका. त्सागान सारला लोक एकमेकांना विचारतात, ‘हिवाळ्यातून सुखरूप बाहेर पडलात ना?’ यावर हसून ‘मेंद’ म्हणा, म्हणजे सुखरूप. मोकळ्या हातांनी जाऊ नका. काही पांढरं न्या, साखर, मिठाई, पेढेसुद्धा चालतील. तुम्ही पोचलात आणि चहा नुकताच तयार झालेला असला तर तो उत्तम शकुन: येणारा स्वच्छ मनाने आला. ‘जोम्बा’ म्हणतात त्या चहाला. विटेसारख्या दाबलेल्या पानांचा, खूप उकळलेला, दूध, लोणी, मीठ आणि जायफळ घातलेला. पहिली पळी देवापुढच्या छोट्या वाटीत जाते. तिला ‘देएज’ म्हणतात, आपला नैवेद्य. ‘चहा पातळ असला तरी अन्नात पहिला मान त्याचा’ अशी त्यांची म्हण आहे. खारट चहाचा पहिला घोट तुम्हाला विचित्र लागेल. त्याला पातळ, लोणी घातलेलं सार समजून प्या, लगेच जमतं. पेला उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्या, तोंड न लावता परत करू नका. ताटात तळलेले ‘बोर्त्सोक’ असतील, काही गोल चकत्या, काही मेंढ्याच्या आकाराचे, काही लगामासारखे वळलेले. देवापुढचे उचलू नका, ते वाटले जातील तेव्हाच घ्या. पाय देवघराकडे करून बसू नका. घरात शीळ नको.

आणि योर्याल तयार ठेवा. पाहुण्याने दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा असतेच. रशियन येत नाही म्हणून गप्प राहू नका. मराठीत बोला, मुलगा अर्थ सांगेल. उभ्या राहा, पेला दोन्ही हातांत धरा, आजींकडे पाहा आणि आपण लेकीसुनांना म्हणतो तेच म्हणा: औक्षवंत व्हा, घर भरलेलं राहो, लेकरं सुखी राहोत. ‘दुधा-तुपाने भरलेलं राहो’ एवढं नक्की घाला. पांढऱ्या अन्नाचं नाव निघालं की तिथले चेहरे उजळतात.

निघायच्या दिवशी आजी वाटीत पांढरा चहा घेऊन दारापाशी येतील आणि तुम्ही चालू लागलात की तुमच्या वाटेवर बोटांनी थेंब उडवतील. त्याला ‘त्सात्सल’ म्हणतात; रस्ता पांढरा व्हावा म्हणून. दोन-चार थेंब गाडीच्या काचेवर पडतील. पुसू नका, विमानतळापर्यंत तसेच राहू द्या.